माझ्या हातून कॉपी सुटत नाही

३ एप्रिल, सकाळ
आजपासून परीक्षा. कॉलेजच्या ऑफिसात उरलेली कोरी डायरी लेकीनं मला आणून दिली. पहिल्या पानावर माझं नाव तिनंच घातलं. म्हणाली, आई, रोज लिही, अक्षर सुधारेल. चौथीत सुटलेलं अक्षर आता काय सुधारणार? पण वही फुकट घालवायची नाही.

ठरवलं ते लिहून ठेवते. यंदा एकही कॉपी आत जाऊ देणार नाही. कुणाची ओळख धरणार नाही. प्रिन्सिपॉलची पुतणी आली तरी हात वर. आणि चिडायचं नाही. हे शेवटचं जमेल तसं.

३ एप्रिल, संध्याकाळ
वर्षभर मी या कॉलेजात फरशी पुसते, कुणी विचारत नाही. परीक्षा आली की मावशी, मावशी. मुलींना तपासायला बाईमाणूस लागतं. मॅडम लोकांना दुसऱ्याच्या पोरीला हात लावायची लाज वाटते. मला कसली लाज? हात वर, चप्पल काढ, चल पुढे.

आज सापडलं ते मोज्यात, केसांच्या रिबिनीखाली, बाटलीच्या लेबलामागे. एकीच्या मनगटाला बँडेज. म्हटलं, काय झालं? म्हणे भाजलं. सोडलं तर आत अख्खा धडा. म्हटलं, धड्यानं भाजतं होय गं?

माझ्या लेकीला तपासायचं राहिलं. ती शेवटी आली नि घंटा झाली. शेवटच्या वर्षाला आहे, तिला काय तपासायचं म्हणा. पण नियम तो नियम. परवाच्या पेपरला.

५ एप्रिल
रांगेत एक चष्मेवाली आहे. तोंडाची भारी फटकळ. तिचे बूट तपासत होते तर म्हणाली, मावशी, सर वर्षभर पुस्तकातलं बघून वाचतात, आम्ही चिठ्ठीतलं बघून लिहितो. मग कॉपी कोण करतं? सगळ्या पोरी खिदळल्या. मी म्हटलं, अक्कल पेपरात लिही, माझ्यापुढे पाजळू नको. सापडलं काही नाही.

लेकीला आज तपासलं नाही. हात फिनेलचे ओले होते. तिच्या धुतलेल्या ड्रेसला वास लागला असता. दिवसभर नाकाशी फिनेल घेऊन पोरीनं पेपर कसा लिहायचा?

घरी आले तर शिवत बसलेली. ड्रेसला आतून खिसा. म्हटलं, कशाला? म्हणे मोबाईलला. म्हटलं, परीक्षेत मोबाईल चालत नाही. म्हणे परीक्षा झाल्यावर. बरोबर आहे, पुढचा विचार करते. खिसा बघितला. टाके मशीनला लाजवतील असे. बाहेरून हात फिरवला तरी कळायचं नाही.

दहावीनंतर शिवणाच्या क्लासला जायचं म्हणून दोन दिवस रडली होती. मी हलले नाही. मशीनवर मान मोडून घ्यायची का? ज्या खुर्च्या मी पुसते, तसल्या खुर्चीत तू बसायचं. बसणारच. कॉलेजभर सांगून ठेवलंय. चहावाल्यालासुद्धा.

७ एप्रिल
चष्मेवाली सापडली! कॅल्क्युलेटरच्या कव्हरात. परीक्षेच्या सरांनी तिचा आजचा पेपर रद्द केला. दारातच बसून हमसून हमसून रडली. मला काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

उठताना म्हणाली, मला धरलंत ना मावशी, आता तुमच्या मुलीलाही एकदा हात लावून बघा.

रांगेत कुणीतरी खोकलं.

मी म्हटलं, जीभ आवर. चोराच्या उलट्या बोंबा. माझी लेक तसली नाही. तिला तिथल्या तिथे तपासून दाखवणार होते, पण ती आधीच आत गेलेली. मी पाण्याचं पिंप बघायला वळले तेवढ्यात गेली असेल. पिंप भरलेलंच होतं, पण बघावं लागतं.

ठरलं. पुढच्या पेपरला सगळ्यांदेखत तपासते. तोंडं बंद.

९ एप्रिल
तपासलं नाही. विचार करूनच. आज तपासलं असतं तर चष्मेवालीच्या शब्दाला मान दिल्यासारखं झालं असतं. तिच्या सांगण्यावर मी माझ्या पोरीला तपासू? ती कोण लागून गेली?

दुपारी परीक्षेच्या सरांनी बोलावलं. म्हणाले, मावशी, जरा सबुरीनं घ्या. निकाल घसरला की तुकडी बंद. तुकडी बंद की मी घरी नि तुम्ही पण घरी. म्हटलं, मग मला दारात उभं कशाला करता? म्हणाले, वरून कुणी बघायला आलं तर दारात कुणी दिसायला नको? म्हणजे मी शेतातलं बुजगावणं. वर पाखरांना सांगायचं, या, खा.

जाताना मात्र मायेनं बोलले. म्हणाले, तुमच्या मुलीची काळजी करू नका. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तिच्या बाकाकडे कुणी बघायचंच नाही. बघा! केवढा विश्वास. एवढ्या पोरींत एकीवर.

घरी जेवताना लेकीला कौतुकानं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. ताट तसंच उचलून मोरीत ठेवलं. कौतुक सहन होत नाही तिला, लहानपणापासून.

११ एप्रिल, दुपार
पेपर सुटल्यावर हॉल झाडला. लेकीचा बाक मला ठाऊक आहे, रोज सकाळी पहिला तोच पुसते. खाली कागदाची पट्टी पडलेली. बोटाएवढी रुंद, पंख्यासारख्या घड्या, दोन्हीकडून मुंगीएवढं अक्षर.

हॉलमध्ये वरती पंखा आहे. पंख्यानं कागद कुठचा कुठे जातो. मागच्या बाकावरचा असेल. अक्षर कुणाचं ते बघितलं नाही, चष्मा घरी राहिला होता.

चष्मा डोक्यावर होता.

पट्टी केरात टाकली. मग काढली. मग टाकली.

११ एप्रिल, संध्याकाळ
लेकीला म्हटलं, परवा शेवटचा पेपर. परवा तुला तपासणार.

म्हणाली, तपास.

एवढंच. मला वाटलं, चिडेल, रुसेल, आई असून असं बोलतेस म्हणेल. नुसतं तपास.

मग भांडी लावता लावता म्हणाली, बाकीच्यांच्या मोज्यात हात घालतेस तू, आई. माझी पाळी आली की तुझे हात ओले असतात.

म्हटलं, म्हणजे काय? म्हणे, म्हणजे काही नाही. सरांना माहीत आहे, वर्गाला माहीत आहे, चहावाल्यालाही माहीत असेल. मला येत नाही गं हे. पहिल्या वर्षापासून येत नाही. तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, न यायला काय झालं, नीट बस, येईल.

असं मी म्हटलं होतं? म्हटलं असेल.

मग मी खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, सापडलीस तर या हातांनी तुझा पेपर रद्द करायला लावीन.

म्हणाली, लाव. सुटेन मी.

ठरवलं. परवा सगळ्यात आधी तिलाच. माझ्या हातून कॉपी सुटत नाही, हे तिलाही कळू दे.

१३ एप्रिल, सकाळ
हात धुऊन कोरडे केले. परत पुसले. चष्मा डोळ्यांवर आहे. पिंप कालच भरून ठेवलं. फिनेलला आज हात लावला नाही.

सबब एकही शिल्लक नाही.

१३ एप्रिल, दुपार
ती रांगेत पहिलीच होती. मी सांगायच्या आधी हात वर केले.

खांद्यापासून सुरुवात केली, सगळ्यांना करते तशी. तिला असा हात लावून किती वर्षं झाली. अंघोळ घालायचे तेव्हा गुबगुबीत होती, साबण लावला की हातातून निसटायची. आज बरगड्या लागल्या. एकेक. एवढी कधी वाळली? रोज माझ्यासमोर जेवते.

डाव्या बरगडीखाली शिवण लागली. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली नसती. आत कागद. बोटाखाली कुरकुरला.

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की बघायची तसं. धर म्हणत होती की सोड म्हणत होती, मला वाचता आलं नाही. मागे सगळी रांग टाचा उंच करून बघत होती.

मी म्हटलं, जा.

ती दाराशी जरा थांबली. वळली नाही. मग आत गेली.

पुढच्या पोरीच्या मोज्यात चिठ्ठी होती. तिलाही म्हटलं, जा. तिच्या मागचीला हातच लावला नाही. चष्मेवाली आली. तिनं स्वतःच बूट काढून पुढे केले. रिकामे होते. तिच्याकडे बघवलं नाही.

सरांनी विचारलं, काय सापडलं का मावशी? म्हटलं, नाही. म्हणाले, वा, यंदा पोरी सुधारल्या.

१३ एप्रिल, संध्याकाळ
लेक आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून झोपली. पेपर कसा गेला ते विचारलं नाही. कसा जाणार, चांगलाच गेला असेल.

ड्रेस धुवायला घेतला. आतून उलटा केला. खिसा रिकामा होता. उजेडात धरून बघितला. एक टाका वाकडा नाही, कुठे गाठ दिसत नाही. एवढं कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही.

फार छान शिवते. सांगायला पाहिजे तिला.

उद्या सांगते.