उजवीकडून वाचायच्या चार चौकटी

शुक्रवार, रियाध. संध्याकाळ

नातीने, मीराने, आज चार चौकटींचं कॉमिक काढून हातात दिलं. पहिल्या चौकटीत आम्ही दोघी सोफ्यावर, माझ्या तोंडाशी बोलण्याचा फुगा, पण रिकामा. मग मी बॅग घेऊन विमानतळावर. मग विमान. शेवटी मीरा एकटी, डोक्यावर विचारांचा ढग, त्यात माझा चष्मा.

 व्हिसा वाढवायचा का, असं मुलगा रोज विचारतो आणि मी टाळते. पोरीने तर मला पाठवूनच दिलं?

"छान आहे गं," एवढंच म्हटलं.

"आजी, राँग साइड! उजवीकडून वाच ना. माझ्या वर्गातल्या फातिमाची अरबी कॉमिक्स अशीच असतात."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ओळीखाली बोट ठेवून डावीकडून वाचायला शिकवलं, ते बोट अजून तसंच चालतं. उजवीकडून पाहिलं. एकटी मीरा, विमान, बॅग घेऊन आलेली मी, मग सोफा. म्हणजे मी येत होते!

"आणि हा फुगा रिकामा का?"

"तू काय बोलणार मला काय माहीत? तूच लिही. मराठी चालेल."

पेन्सिलीने लिहिलं, 'राहते गं अजून.' फुग्यात अगदी मावलं. मग मुलाला हाक मारली.