डंपरचा टर्बो, आमची जीप

कराड, मंगळवार, ११ मार्च १९७५

दादाने आज जीपच्या बॉनेटला ताटाएवढे भोक पाडले. धरणावरच्या भंगार डंपरचा टर्बो त्याला बसवायचाच आहे. इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवतो म्हणे. पण डंपरचा तो, जीपमध्ये मावेल कसा? म्हणून भोक. परवा आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला न्यायचे आहे आणि जीप उघडी पडली आहे.

“एसटीने जाऊ,” मी म्हणालो.

“गप रं मास्तर! फौजंत गाड्या जोडल्यात म्या. घाट कशी चढतीया बघ.”

कराड ते मिरज घाट आहे कुठे? आणि ते भोक!

आई ओसरीवरून म्हणाली, “त्येच्याच गाडीनं जाणार मी.”

भीतीने तीनदा ऑपरेशन टाळलेली आई आज पहिल्यांदाच ‘जाणार’ म्हणाली. आता एसटीचे नाव काढू कसे?