एकतीस भांड्यांवरचं नाव

वसमत,
२२ जानेवारी १९४१

ती. दादांस,
पार्वतीचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींचा खोकला दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. येत्या पाच तारखेला गाडी जुंपून मला कायमचं माहेरी हट्ट्याला न्यायला येता, असं तुम्ही लिहिलंत. त्याआधी इथे काय झालं ते क्रमाने कळवते.

१. कुरुंद्याचं पाच खणांचं घर दिरांच्या हवाली केलं.
२. वसमतला, दवाखान्याच्या मागे, दोन खोल्या घेतल्या.
३. दोन खोल्यांत मावेनात म्हणून तांब्या-पितळेची एकतीस भांडी गल्लीत वाटून टाकली.
४. एकतीसच्या एकतीस परत आली.
५. एकातून शेळी आली.

आता सविस्तर. बाईमाणसाला एकटीला काय लागतं, तर एक तवा, दोन पातेली, एक तांब्या. (कात्री, चिमटे आणि उकळायचं भांडं दवाखान्याचं, ते मी मोजत नाही.) म्हणून भांडी घासून, पुसून, कुणाच्या घरात किती माणसं आहेत ते बघून घरोघर पोचवली आणि प्रत्येकीला स्वच्छ शब्दांत सांगितलं की ठेवून घ्या. माझी चूक एवढीच की प्रत्येक भांड्यावर सासऱ्यांनी हौसेने त्यांच्या लेकाचं पूर्ण नाव कोरून घेतलं होतं, ते मी हिशोबात धरलं नाही. नाव असलेलं भांडं कुणी ठेवून घेत नाही. ते उसनं आलेलं असतं, आणि उसनं आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. हैदराबादला दीड वर्ष सुईणीचं शिक्षण घेतलं, त्यात हा विषय नव्हता.

पहिली शेजारच्या सखुबाई आल्या. दारातूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ नर्सबाई, माणिकरावची परात आली!" परातीत तिळाचे लाडू. मग माणिकरावची कळशी आली, तुरीच्या डाळीने भरून. माणिकरावचा डबा आला, त्यात हळद; माणिकरावचं तपेलं आलं, त्यात हुरडा. (दादा, ते नाव मी अजून तोंडाने घेत नाही, इथेही उतरवून काढते आहे एवढंच. पण आषाढात ते गेल्यापासून लोक माझ्यासमोर ते नाव गिळून टाकत होते. या आठवड्यात ते माझ्या दारात एकतीस वेळा मोठ्याने घेतलं गेलं. मला वाईट वाटलं नाही. हे मी तपासून लिहिते आहे.)

तरीही मी हार मानली नाही. कळशी घेऊन बाजारात भांडी कोरणाऱ्याकडे गेले. त्याला म्हटलं, जुनं नाव पुसा आणि सखुबाईंचं घाला. तो म्हणाला, पुसलं तर पत्रा पातळ होतो, खाली घालून देतो. मला ते शास्त्रशुद्ध वाटलं; कोरलेली कळशी सखुबाईंकडे देऊन आले. संध्याकाळी सखुबाईंचे यजमान ग्यानबा, जे एरवी जेवायलासुद्धा तोंड उघडतात की नाही अशी शंका यावी, ते कळशी घेऊन दारात उभे. वर 'माणिकराव', खाली 'सौ. सखुबाई'. ग्यानबा एवढंच म्हणाले, "बाई, हे बराबर न्हाई." मागे सखुबाई पदर तोंडात कोंबून हसून राहिल्या होत्या. मीही हसले. कळशी पुन्हा माझ्याकडे, या खेपेला गुळासकट.

शेवटी उरलं घंगाळ. ते मी गल्लीबाहेर, तांड्यावरच्या चंदाबाईंना दिलं होतं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मी केलं. तांड्यावर असले नियम नसतील असं मी गृहीत धरलं होतं. चंदाबाई घंगाळ डोक्यावर घेऊन आल्या आणि आतून शेळीचं पिल्लू बाहेर काढलं. मी म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, "येवढं मोठं भांडं, त्यात काय मूठभर जवारी घालू? आन् हिची माय बाहेर बांधली हाय. तापाच्या माणसाला दूध लागतंय. काहून एवढं बघून राहिली?"

तर स्थिती अशी की दोन खोल्या, एकतीस भांडी, दोन शेळ्या, पंधरा दिवसांचं धान्य, आणि भांडं कुठवर रिकामं झालं ते बघायला रोज येणाऱ्या बाया. मला इथे काहीही कमी नाही. हट्ट्याला न्यायची गरज नाही. माझ्या हिवतापाचं म्हणाल तर तो नियमित आहे: मध्ये दोन दिवस सोडून दर चौथ्या दिवशी, दुपारी सव्वादोनला थंडी, सव्वापाचला घाम. क्विनाईन चालू आहे, तापाने पोटात वाढलेली पाणथरी (प्लीहा) पूर्वीपेक्षा दोन बोटं उतरली आहे. डॉक्टर म्हणतात, होळीपर्यंत सुटेल.

वहिनींना नमस्कार.

आपली,
पार्वती

ता. क. सोबत एक कागद आहे. दवाखान्यातली जागा मला कायम करतात, पण विधवा बाई असेल तर घरच्या वडीलधाऱ्या पुरुषाची संमती लागते. तीन फेब्रुवारीपर्यंत कागद पोचला नाही तर जागा दुसरीला जाईल. खालच्या रेघेवर सही करावी. बाकी सगळं पत्र या रेघेसाठी लिहिलं आहे.

आणखी ता. क. काहीही कमी नाही असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तापाचे तीन तास मला एकटं नको वाटतं. सखुबाई तेव्हा माझ्या उंबऱ्यात डाळ निवडायला बसतात. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडतात. उरलेले एकोणसत्तर तास मी बरी असते, आणि ते मला इथेच काढायचे आहेत. तीस तारीख तापाची आहे. सही टपालाने पाठवण्यापेक्षा त्या दिवशी स्वतः या. दुपारी दोनला येऊन बसा, घाम आला की सही करा, रात्री मुक्काम करून सकाळी परत जा.

येता की नाही, ते २८ जानेवारीपर्यंत कळवावे.