तपासल्याची सही

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही. मी दहावीत होते. गिरणीतल्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह न तपासताच ‘तपासला’ म्हणून सही करा, असं साहेबांनी सांगितलं आणि तुम्ही नाही म्हणालात. सही दुसऱ्याने केली, तुमची रवानगी गोदामात झाली. लालबागच्या खोलीत तुम्ही जेवायला बसला आहात, आई भात वाढते आहे, आणि मी फणकाऱ्याने म्हणते, “सगळे करतात. तुम्हालाच काय एवढं?” तुम्ही घास खाली ठेवलात. “बॉयलरापाशी साहेब नसता गो. आमची चार माणसां असतत.”

आता मी लोअर परळला, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत आहे. कर्मचाऱ्यांच्या गुप्त तक्रारी माझ्याकडे येतात. नाव बाहेर जाणार नाही, असा कागद माझ्या सहीने प्रत्येक मजल्यावर लावलाय. गेल्या वर्षी एक टेक्निशियन आला, परळचाच, पन्नाशीचा. म्हणाला, “मॅडम, ब्रेक कोणी बघतच नाही. तपासणीवाले ऑफिसात बसूनच रिपोर्ट भरतात. शीवच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट घसरली, आत म्हातारी बाई होती.” तक्रार मी नाव-ठिकाण गाळून वर कळवली. दोन दिवसांनी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला. “नाव नकोच मला. फक्त बिल्डिंग कुठली ते सांगा.”

“शीवची,” मी म्हणाले. तिथे जाणारा टेक्निशियन एकच होता, हे मला ठाऊक होतं.

महिन्याभरात त्याला काढलं. कारण, हेल्मेट न घालता काम केलं. नियमावलीतलं कलम मीच शोधून दिलं. मग त्याचा फोन आला. “मॅडम, नाव तुमच्याकडून नाही ना गेलं?” “नाही हो.” त्याने माझे आभार मानले, अण्णा.

भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालून काहीतरी सरकवणं, असं मला वाटायचं. आमच्याकडे कोणी काही सरकवत नाही. जो तो आपला रकाना भरतो: रिपोर्ट पूर्ण, तक्रार निकाली, चौकशी नियमाप्रमाणे. ती लिफ्ट अजून तशीच चालते. तेव्हा तुम्ही सही केली असतीत, तर आज मलाही ‘सगळे करतात’ म्हणून सुटता आलं असतं.

आज तुम्ही असतात, तरी हे पत्र तुमच्या हातात दिलं नसतं. आई अजून शेजारणींना सांगते, पोरगी अगदी बापावर गेली. मी तिथेच बसलेली असते. तिला अडवत नाही. ऐकायला बरं वाटतं.