तिसऱ्या मजल्यावरचं स्टूल

दि. ४ जून
चि. भाऊस,
अ. आ.
माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, हे तुझ्या कानावर आलंच म्हणायचं. डॉक्टर म्हणाले, दर मजल्याला बसून दम घ्या, जमत नसेल तर खालचं घर बघा. हे कळताच पहिल्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी दाराबाहेर खुर्ची मांडली. दुसऱ्यावर मास्तरीणबाईंची वेताची. बसलं की कुरकुरते, अगदी मालकिणीसारखी! तिसऱ्यावर मात्र काही नाही. तिथल्या शिवणवालीशी माझा तीन वर्षं अबोला. माझ्या ओल्या चादरीचं पाणी खाली तिच्या गिऱ्हाइकाच्या कोटावर ठिबकलं, आणि मी म्हणून गेले, कोट काही साखरेचा नाही. तिथे बिनसलं. त्यामुळे माझ्या चौथ्या मजल्यापर्यंतचे शेवटचे दोन मजले एका दमात. परवा अर्ध्यात पायरीवरच बसले. घाबरले रे. तुझ्याकडे यावं म्हणतोस, पण चाळीस वर्षांच्या घरातून पाय निघत नाही आणि पाय तर चढत नाही. बघू.
मुलांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ जून
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
पायरीवर बसलीस हे वाचून जेवण गेलं नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. जुलैअखेर येतो, सामान बांधायला दोरी घेऊनच. ही म्हणते, ताईंनी एक शब्द टाकला तर तिसरी खुर्ची मिळेल. मी म्हटलं, आमची ताई मोडेल पण वाकणार नाही. आता तर गुडघेही तिला सामील झालेत!
रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाड.
तुझा भाऊ

दि. २० जुलै
चि. भाऊस,
अ. आ.
वाकले बाबा. तुझ्या टोमण्याने नव्हे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी उतरताना शिवणवालीचं दार उघडं दिसलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, पुढ्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि बाई सदरा दातात धरून डाव्या हाताने बटण लावतेय. मी आत गेले, सुई घेतली. कोटाचं माझं चुकलं, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, दोरा दुहेरी घ्या.
मग रोजच बसू लागले. मास्तरीणबाई मापांप्रमाणे गणवेश लावून द्यायच्या, घड्याळवाले गठ्ठे शाळेत पोचवायचे. चौथ्या दिवशी तिच्या मशीनपुढचं स्टूल दाराबाहेर आलं. म्हणाली, हात बरा होईपर्यंत मला कशाला लागतंय? एकदा तर टेप घेऊन माझ्या गुडघ्याची उंची मोजली. मी म्हटलं, मला पायजमा नको हं. हसली नुसती.
काल प्लास्टर निघालं. मला आनंद झाला, पण मनात आलं, आता मशीन चालणार म्हणजे स्टूल आत जाणार. संध्याकाळी भाजी घेऊन आले तर खरंच नव्हतं. तिथे भिंतीला जाड फळी ठोकलेली, बरोबर माझ्या गुडघ्याच्या मापाची. घड्याळवाले हातोडी घेऊन उभे. शिवणवाली म्हणाली, स्टूल आत नेता येतं, ही नाही नेता येत.
भाऊ, ठरल्याप्रमाणे ये, पण भेटायला. दोरी घरीच ठेव. चढताना तिसऱ्यावर जरा टेक. फळीवर दोघं मावतात.
आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी ताई