आईच्या खाटेवरचा सेंट थॉमस

रविवार, सौंसर

आज प्रतिभा आली, ख्रिस्ती घरात दिलेली माझी धाकटी बहीण. आल्या आल्या आईच्या खाटेवर सेंट थॉमसचा फोटो टांगला. म्हणे, "ताई, यानंच आईले आजारातून उठवलं."

यानं? तीन महिने आईले न्हाऊ घातलं, घास भरवला मी! हा भालेवाला म्हातारा दोन हजार वर्षांमागे भारतात धर्म सांगायले आला आणि भाल्यानंच मारला गेला. मले काय त्याचं? फोटो काढून तिच्या पिशवीत कोंबला. "घेऊन जा तुझा भालेवाला!" ती रडतच लोधीखेड्याच्या बसमध्ये बसली.

मग आई हळूच म्हणाली, "फोटो मीच मागवला, बाई. तू लय थकून राहिली होती. त्याच्यापाशी तुह्यासाठी आराम मागाचा होता."

तरी चीड गेली नाही. प्रतिभाले फोन नाही लावला.