प्रमुख पाहुण्यांची अनुपस्थिती

सोमवार, ४ मार्च

गोळीही निष्फळ! मधुमेहाने प्रथम चहातील साखर हिरावली, आता खुद्द समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांनाच फितवले आहे. व्यासपीठ सज्ज, दिवे मंद, निमंत्रण रीतसर — पाहुणे अनुपस्थित. ही म्हणाली, "असू दे हो," आणि कुशीवर वळली. त्या 'असू दे'चा सखोल अभ्यास अद्याप चालू आहे.

गुरुवार, ७ मार्च

इंजेक्शनचा प्रयोग. पाहुणे आले, परंतु वेदना नामक आप्तांस सोबत घेऊन! पुनश्च निमंत्रण नाही.

मंगळवार, १२ मार्च

शल्यविशारद बाईंचे दर्शन. वय माझ्या पुतणीएवढे. "या काका, बसा." — काका! ज्या विषयासाठी आलो त्या विषयात काका!

उपाय ऐकून मात्र अंतःकरण उचंबळले. पोटात पाण्याची चिमुकली टाकी, वृषणकोशात पंप, योग्य स्थळी दोन नळ्या. पंप दाबला की पाणी नळ्यांत. कळ दाबली की परत टाकीत. पंपदुरुस्तीच्या दुकानात हयात घालवलेला मनुष्य मी! "हवा धरतो का हो?" तोंडून निघूनच गेले.

बाईंनी नमुना हाती दिला. जोड ओढून पाहिल्याविना पंप स्वीकारायचा नाही, ही आमच्या दुकानाची रीत. ओढला. सुटला. पाणी थेट बाईंच्या चष्म्यावर!

"आत बसवलेला असा ओढायचा नाही हं, काका." चष्मा पुसत त्यांनी पुढचे सांगितले. एकदा बसवला की माघार नाही — आपसूक जे थोडेफार होते तेही मग होत नाही. लांबी वाढत नाही. इच्छा, संवेदना आहेत तशाच. जंतुसंसर्ग झाला तर काढावा लागतो, म्हणून आधी साखर खाली आणा. यंत्र आहे, कधीतरी बिघडेलही. आणि शस्त्रक्रियेनंतर दीड महिना पूर्ण बंदी.

"काकूंचं काय म्हणणं आहे?"

पंप विकण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतो, "घरात पाणी कोण भरतं? त्यांना घेऊन या." भल्याभल्यांना दारातून परत पाठवले आहे. आणि स्वतः एकटाच गेलो!

बुधवार, १३ मार्च

धैर्यसंचय चालू. साठा अपुरा.

रविवार, १७ मार्च

गच्चीवर आम्ही दोघे धुतलेली चादर पिळत होतो — एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. संधी साधून मी उद्घोषणा केली, "तुझ्यासाठी मी शस्त्रक्रियेस सिद्ध आहे!"

सर्व ऐकून घेतले तिने. मग म्हणाली, "माझ्यासाठी? मी कधी मागितलं?"

"अगं, तूच तर दूर झालीस."

"मग काय करू? हात लावला की तुमचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा! पाठ चेपायला आले तरी दचकता. म्हटलं, कशाला जिवाला घोर लावा यांच्या? म्हणून हात लावणंच सोडलं मी."

चादरीचे पाणी दोघांच्या पायांवर गळत राहिले. मला एकही समास सुचेना.

शुक्रवार, २२ मार्च

सपत्नीक दवाखान्यात. मला न सुचलेले प्रश्न हिने विचारले. दुखेल किती? बिघडला तर पुन्हा कापाकापी? आणि नाहीच केलं तर?

"नाही केलं तरी जिवाला धोका काही नाही," बाई म्हणाल्या. "हवं असेल तरच करायचं."

ही माझ्याकडे वळली. "तुम्हाला हवंय का? माझं नाव न घेता सांगा."

भर दवाखान्यात! एवढ्या शब्दसंपत्तीचा धनी मी, पण एकच शब्द निघाला. "हवंय."

"मग करा. पण डॉक्टर, यांना नळ्या ओढायची खोड आहे हं."

"माहीत आहे," बाई चष्म्याला हात लावत म्हणाल्या.

बुधवार, २७ मार्च

हिने पाठ चेपली. दचकलो नाही. यापुढील वृत्तांत रोजनिशीच्याही अधिकारकक्षेबाहेर आहे.

सोमवार, १० जून

साखर आटोक्यात! पुढील सोमवारी शस्त्रक्रिया. दुकान धाकट्या भावावर सोपवले. "दादा, कसलं ऑपरेशन?" — "पंपाचे." "अहो, ते मी करतो की!" त्यास विनम्र नकार दिला.

बुधवार, १२ जून

हिने परस्पर फोन करून तारीख महिनाभर पुढे ढकलली! मी संतप्त. कारण विचारले, तर लाजत म्हणाली, "दीड महिना बंदी ना? इतक्या वर्षांनी आत्ता कुठे मजा यायला लागलीय!"

प्रमुख पाहुण्यांस सविनय कळविण्यात येते की सवडीने यावे. समारंभ सुरू झाला आहे.